न वसलेला पुरा

आपल्या शहरात पुऱ्यांना तोटा नाही. बेगमपुरा, जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, जसवंतपुरा, भावसिंगपुरा. जुनी माणसं 'बावन्न पुरे, बावन्न दरवाजे' असं एका दमात सांगून मोकळी होतात. मोजायला मात्र कोणी बसत नाही. छावणीपलीकडच्या भावसिंगपुऱ्याला जायचं म्हटलं तर रिक्षावाला भाडं सांगतो आणि आपण बसतो. हा भावसिंग कोण, असं ना तो आपल्याला विचारत, ना आपण त्याला.

मीही कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते माझ्या भाचीनं. तिला शाळेत 'माझ्या परिसराचा इतिहास' असा प्रकल्प दिला होता. रविवारी सकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, भावसिंग म्हणजे कोणाचा भाऊ?" कोणाचा भाऊ ते मला सांगता येईना. कोणाचा मुलगा, हे शोधायला मात्र मी बसलो, आणि शोधता शोधता ज्याची गोष्ट सापडली त्याच्या नावाचा पुराच या शहरात नाही.

शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं आहे. ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीची, तेव्हा त्या काळाबद्दल बोलताना औरंगाबाद हे त्या काळचं नाव येईल. वाचकांनी ते तेवढ्यापुरतंच घ्यावं.

भावसिंह हा राजस्थानातल्या बुंदीचा राव, हाडा चौहान घराण्यातला. त्याचा बाप राव छत्रसाल हाडा. इथे आधीच एक घोटाळा निस्तरून ठेवतो. आपल्याकडे छत्रसाल म्हटलं की मस्तानीचा बाप, थोरल्या बाजीरावांना मदतीला बोलावणारा बुंदेलखंडाचा छत्रसाल आठवतो. तो वेगळा, पुष्कळ नंतरचा. हा बुंदीचा छत्रसाल; जुन्या कागदांत याला शत्रुसालही म्हणतात. शहाजहानच्या फौजेतला हा मनसबदार १६५८ साली बादशहाच्या बाजूने लढताना मारला गेला. आणि ज्याच्याविरुद्ध लढताना तो मेला, त्याच औरंगजेबाने पुढे त्याच्या मुलाला औरंगाबादेत नेमलं. बापाच्या मरणातून मुलाचा पुरा कसा उभा राहिला, हे समजायचं तर आधी आजोबांपर्यंत मागे जायला हवं.

छत्रसालाचा आजोबा राव रतन. १६२२ च्या सुमारास शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, आपल्या बापाविरुद्ध, जहांगीर बादशहाविरुद्ध उठला. दोन वर्षं उत्तरेत फिरून, मार खाऊन तो पुन्हा दख्खनमध्ये आला आणि त्याने बुऱ्हाणपुराला वेढा घातला. त्याच्या मदतीला मलिक अंबरचं सैन्य होतं. मलिक अंबर म्हणजे ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली तोच. आपल्या शहराचा पहिला धनी. बुऱ्हाणपुरात आत होता राव रतन. खुर्रमची माणसं तटावरून शहरात शिरलीसुद्धा होती, पण रावाने त्यांच्या म्होरक्याला पकडलं आणि शहर सोडलं नाही. अखेर बादशाही कुमक जवळ आली तसा खुर्रमला वेढा उठवावा लागला. जहांगिराने राव रतनला 'रामराज' हा किताब आणि पाच हजारी मनसब दिली.

तीन-चार वर्षांत जहांगीर गेला आणि बंडखोर खुर्रम शहाजहान होऊन तख्तावर बसला. आता राव रतनने काय करावं? तो दरबारात गेला, मुजरा केला, नव्या बादशहाची चाकरी करू लागला. बादशहानेही जुनं उकरून काढलं नाही. कालपर्यंत बंडखोर होता तो आज तख्तावर आहे, म्हणजे आता मीठ त्याचं. हाडांच्या घरातला हिशोब असा सरळ होता. तख्तावर कोण बसलाय, तो कसा बसला, हे ते विचारत नसत. बसलेल्याला जो ढकलायला येईल त्याच्यापुढे उभं राहायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

१६३१ मध्ये राव रतन दख्खनच्या मोहिमेवरच वारला. मुलगा गोपीनाथ आधीच गेला होता, म्हणून बुंदीची गादी नातवाला, छत्रसालाला मिळाली. गादीवर बसल्यावर लगेच त्याची रवानगी दख्खनमध्ये झाली. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतला त्या वेढ्यात तो होता. बाहेरून आत रसद पोचवायला धडपडत होते त्यांत शहाजीराजे होते, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. वेढ्याच्या आतल्या बाजूला कोण कोण होतं ते आपण सहसा पाहत नाही. दुसऱ्या वर्षी परिंडा. मग काबूल-कंदाहारकडच्या मोहिमा, मग पुन्हा दख्खन. अधूनमधून बुंदीला जायला मिळे तेव्हा त्याने बांधलेला छत्रमहाल तिथल्या गढीत आजही पाहायला मिळतो. पण आयुष्याचा हिशोब मांडला तर स्वतःच्या महालापेक्षा आपल्या मुलखातल्या तंबूंत त्याचे जास्त दिवस गेले असावेत.

आता १६५७ सालाचा शरद ऋतू. हा काळ आपल्या शहराच्या इतिहासातला फार अवघड काळ आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

त्या वर्षी औरंगजेब दख्खनचा सुभेदार. उन्हाळ्यात बीदर आणि पावसाळ्यात कल्याणी जिंकून विजापूरकरांना त्याने जेरीला आणलं होतं. छत्रसाल त्या दोन्ही मोहिमांत त्याच्या हाताखाली. तेवढ्यात दिल्लीत ६ सप्टेंबरला शहाजहान आजारी पडला. दर्शनाला झरोक्यात येईना, तशी अफवा पसरली की बादशहा गेला आणि थोरला मुलगा दारा ती बातमी दाबून ठेवतोय. बंगालमध्ये शुजा, गुजरातेत मुराद, दख्खनमध्ये औरंगजेब. तिघांचेही कान टवकारले. बादशहा नोव्हेंबरपर्यंत पुष्कळ बरा झाला होता, पण तोवर कोणालाही तो बरा व्हायला नको होता.

याच सुमाराला, ८ ऑक्टोबरला, औरंगाबादेत औरंगजेबाची बेगम दिलरसबानू बाळंतपणानंतरच्या आजारात गेली. आपण पाहुण्यांना घेऊन जातो तो बीबी का मकबरा तिचाच. तिचा बाप शहानवाजखान सफवी, इराणच्या राजघराण्याच्या रक्ताचा, मोठा मनसबदार. याचं नाव लक्षात ठेवावं, तो पुन्हा येणार आहे.

दिल्लीहून हुकूम सुटला: दख्खनच्या मोहिमेवर पाठवलेले बादशाही सरदार आपापल्या पथकांसह परत यावेत. दाराला औरंगजेबाचा हात दुबळा करायचा होता, हे उघड होतं. पण हुकमावर शिक्का बादशहाचा होता. आता छावणीतल्या सरदाराने काय करावं? समोर सुभेदार आहे, ज्याच्या हाताखाली वर्षभर लढलो, जो उद्या बादशहा होईलही. दूर दिल्लीत एक म्हातारा आहे, जो आहे की नाही हेही धड कळत नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती अशी. आणि औरंगजेब हुशार. तो कोणालाही 'बंड करतोय' असं म्हणत नव्हता. आजारी वडिलांना भेटायला जायचंय, दाराच्या तावडीतून त्यांना सोडवायचंय, असंच त्याचं बोलणं. म्हणजे त्याच्याकडे राहणाराही स्वतःला बादशहाचा निष्ठावंत म्हणवू शकत होता. कोणत्याही यादवीत ही सोय असतेच.

मीर जुमल्याने ही सोय उत्तम वापरली. त्यालाही परत येण्याचा हुकूम होता. जायचं नव्हतं आणि बंडखोरही ठरायचं नव्हतं. कारण बायकामुलं उत्तरेत, दाराच्या हाताशी. तेव्हा त्याने आणि औरंगजेबाने मिळून नाटक केलं. औरंगजेबाने त्याला भेटीला बोलावून अटक केली आणि दौलताबादच्या किल्ल्यात ठेवलं. त्याचा तोफखाना, फिरंगी गोलंदाज आणि पैसा औरंगजेबाच्या ताब्यात. दिल्लीला कळवायला कारण तयार: मी काय करू, मी तर कैदेत! देवगिरीच्या त्या कातळावर इतक्या समाधानाने कैद भोगणारा माणूस आधी किंवा नंतर झाला असेल असं मला वाटत नाही.

छत्रसालाने असलं काही केलं नाही. तो आणि महाबतखान (हा दौलताबाद जिंकणाऱ्याचा मुलगा) औरंगजेबाचा निरोप न घेता आपापली पथकं घेऊन निघाले आणि डिसेंबरात बादशहापुढे हजर झाले. कर्नल टॉडने बुंदीच्या भाटांकडून ऐकून लिहिलेल्या इतिहासात या प्रवासाचा मोठा रोमांच आहे: औरंगजेबाची अडवणूक, दुथडी भरलेली नर्मदा, पाठलाग. डिसेंबरात पोचलेल्या माणसाला नर्मदा किती भरलेली लागली असेल, ही शंका मी नोंदवून पुढे जातो. न विचारता निघून जाणं, एवढं खरं मानलं तरी पुरे आहे. उद्याचा बादशहा रागावणार हे माहीत असताना माणूस तळ मोडून निघाला.

या टॉडबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचे पूर्वज स्कॉटलंडचे, त्याचं शिक्षणही तिथलंच. कंपनीचा अधिकारी म्हणून तो राजपुतान्यात आला आणि त्या रजपूत घराण्यांच्या प्रेमातच पडला. त्याचा ग्रंथ १८२९ आणि १८३२ मध्ये दोन भागांत निघाला. हाडांच्या स्वामिनिष्ठेवर तो पानंच्या पानं लिहितो. का लिहितो ते त्याच्या पूर्वजांच्या देशाचा इतिहास पाहिला की थोडं कळतं. शहाजहानच्याच काळात तिकडे ब्रिटनमध्ये राजा आणि पार्लमेंट यांची यादवी पेटली होती. स्कॉटलंडचा माँट्रोज हा सरदार आधी राजाच्या विरोधकांत होता, मग राजाचा सेनापती झाला. १६४४-४५ मध्ये मूठभर डोंगरी लोक घेऊन त्याने एकामागून एक लढाया जिंकल्या, मग एका सकाळी धुक्यात गाठला जाऊन हरला, परदेशात गेला. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. राजपुत्र दुसऱ्या चार्ल्सने माँट्रोजला पुन्हा स्कॉटलंडात पाठवलं आणि पाठीमागे विरोधकांशी तह करून त्याला वाऱ्यावर सोडलं. २१ मे १६५० रोजी माँट्रोजला एडिंबरोत फाशी दिलं. दहा वर्षांनी तोच दुसरा चार्ल्स राजा झाला, तेव्हा माँट्रोजचे अवशेष गोळा करून त्यांची मोठ्या थाटात अंत्ययात्रा काढण्यात आली. राजा परत आला म्हणून एवढं तरी झालं.

त्या यादवीचा एक धागा थेट हिंदुस्थानात येतो. पहिल्या चार्ल्सच्या फौजेतला हेन्री बार्ड, लॉर्ड बेलोमाँट, परागंदा राजपुत्राचा वकील म्हणून मदत मागत आधी इराणला आणि मग इकडे आला, आणि १६५६ च्या उन्हाळ्यात आग्रा-दिल्ली रस्त्यावर होडलजवळ मेला. त्याच्यासोबत आलेला व्हेनिसचा पोरगा एकटा उरला आणि दाराच्या तोफखान्यात नोकरीला लागला. तो निकोलाओ मनुची. पुढे मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटलेला तोच हा मनुची. एका देशातल्या राजनिष्ठाचं बोट धरून आलेला हा पोरगा दोन वर्षांत दुसऱ्या देशाच्या यादवीत राजनिष्ठांच्या बाजूने तोफा डागत होता.

औरंगजेब ५ फेब्रुवारी १६५८ ला औरंगाबादेहून निघाला. बुऱ्हाणपुरात शहानवाजखान अडून बसला. जावयाबरोबर बादशहाविरुद्ध जायला तयार होईना. मुलगी जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. औरंगजेबाने सासऱ्याला बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात कैद केलं, आणि ही कैद नाटकाची नव्हती. पुढे सोडून त्याला गुजरातेत नेमलं, तर तिथे तो दाराला मिळाला आणि १६५९ च्या मार्चमध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत पडला. मकबऱ्यावर आपण संगमरवर किती आणि चुना किती, ताजमहालाशी तुलना, एवढंच बोलतो. तिथे झोपलेल्या बाईचा बाप तिच्या नवऱ्याविरुद्ध लढताना मेला, ही गोष्ट तिथल्या एकाही गाइडकडून मी ऐकलेली नाही.

१५ एप्रिलला उज्जैनजवळ धर्मात इथे पहिली लढाई. बादशाही फौज जोधपूरच्या जसवंतसिंहाच्या हाती होती. हाडांची धाकटी शाखा कोट्याची. तिथला मुकुंदसिंह चार भावांसह लढायला आला होता. पाचांपैकी चौघे पडले. पाचवा किशोरसिंह जखमांनी भरलेला रणांगणावर सापडला, वाचला, आणि पुढे औरंगजेबाच्याच दख्खन मोहिमांत लढत राहिला. जसवंतसिंह मात्र निघून गेला. तो जोधपूरला पोचला तेव्हा राणीने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले, 'माझा नवरा हरून परत येणार नाही, हा कोणी दुसरा असेल' म्हणाली, ही गोष्ट फ्रेंच प्रवासी बर्नियरने लिहिली आहे. तो तिला उदयपूरची मुलगी म्हणतो. राजस्थानात मात्र ती हाडी राणीच्या नावावर सांगतात, आणि जसवंतसिंहाची हाडी राणी ही आपल्या छत्रसालाची मुलगी. गोष्ट खरी असो नसो, त्या घराबद्दल लोकांना काय वाटत होतं ते तिच्यातून कळतं.

मग आग्र्याच्या पूर्वेला यमुनेकाठी सामूगढ. चंबळेचे सगळे उतार दाराने तोफा लावून बंद केले होते, पण औरंगजेबाला एक आडवळणाचा उतार दाखवला चंपतराय बुंदेल्याने. हा दुसऱ्या छत्रसालाचा, बाजीरावांच्या छत्रसालाचा बाप. एका छत्रसालाच्या बापाने दाखवलेल्या वाटेने दुसऱ्या छत्रसालाचं मरण आलं, असला योगायोग कादंबरीत घातला तर संपादक कापून टाकेल.

२९ मेचा दिवस. आदल्या दिवशी दाराने फौज चिलखतं घालून दिवसभर उन्हात उभी ठेवली होती आणि न लढताच माघारी नेली होती. माणसं-जनावरं उष्म्याने पडत होती. दुसऱ्या दिवशी लढाई जुंपली तेव्हा आघाडीला रजपुतांसह छत्रसाल होता. दाराने तोफा उगाच लवकर डागून संपवल्या होत्या. रजपुतांची फळी मुरादवर आणि मग थेट औरंगजेबाच्या रोखाने घुसली. मुरादच्या हौद्यात इतके बाण रुतले की तो हौदा साळिंदरासारखा दिसत होता. तो पुढे पुष्कळ वर्षं राजवाड्यात जपून ठेवला होता. रूपसिंह राठोड तर औरंगजेबाच्या हत्तीपर्यंत पोचून हौद्याचे दोर कापू लागला. छत्रसालाबद्दल बुंदीकर सांगतात की हत्ती फिरला तसा तो खाली उडी मारून घोड्यावर चढला, म्हणाला की हत्तीने पाठ फिरवली तरी त्याचा धनी फिरवणार नाही. आणि कपाळात गोळी लागून पडला. धाकटा मुलगाही त्याच दिवशी गेला. टॉडच्या हिशोबाने या माणसाने जन्मात बावन्न लढाया लढल्या. बावन्न पुऱ्यांच्या शहरात बसून तो आकडा वाचताना मला जरा हसू आलं, पण आकडा सोडला तरी एका माणसाने दौलताबाद ते कंदाहार एवढा पल्ला घोड्यावर मारणं हे काही लहान नाही.

लढाई छत्रसालाच्या मरणाने हरली गेली नाही. दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, रिकामा हौदा पाहून सैन्याला वाटलं तो मेला, आणि पळापळ झाली. दहा-बारा दिवसांत आग्र्याचा किल्ला पाणी तोडून घेतला गेला. ज्याच्या मिठासाठी ही माणसं मेली तो शहाजहान पुढे साडेसात वर्षं, २२ जानेवारी १६६६ पर्यंत, त्याच किल्ल्यात मुलाच्या कैदेत जगला. माँट्रोजचा राजा परत आला. छत्रसालाचा आला नाही. त्याची अंत्ययात्रा कोण काढणार?

मागे राहिला भावसिंह. बाप आणि भाऊ गेलेले, नवा बादशहा खुनशी. औरंगजेबाने आधी बुंदीवर फौज पाठवलीच. शिवपूरचा आत्माराम गौड आला आणि हाडांकडून मार खाऊन परत गेला. मग औरंगजेबाने विचार बदलला. दारा आणि शुजा मोकळे असताना रजपुतांशी वैर परवडणारं नव्हतं. भावसिंहाला माफी, मनसब आणि बोलावणं आलं. भावसिंह गेला.

इथे आपण थांबतो आणि आपल्याला थोडं वाईट वाटतं. मलाही वाटलं होतं. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती तर चिडलीच: "ज्यानं बाबांना मारलं त्याची नोकरी?" मी तिला पणजोबाची गोष्ट पुन्हा सांगितली. राव रतननेही तेच केलं होतं. ज्या खुर्रमला बुऱ्हाणपुरात अडवलं त्याच्याच दरबारात पुढे मुजरा केला, आणि त्याच खुर्रमसाठी नातवाने जीव दिला. तख्तावर आता औरंगजेब होता. घराच्या हिशोबाने भावसिंह बापाच्याच वाटेने चालला होता. त्या वाटेवर आता मारेकरी बसला होता, एवढाच फरक. "हे पटतं तुला?" तिने विचारलं. पूर्ण पटत नाही. पण बुंदीतली शेकडो घरं त्या एका मुजऱ्यावर उभी होती, हे मला पन्नाशीनंतर दिसतं, तिला बाराव्या वर्षी दिसत नाही, आणि दिसू नये.

भावसिंहाचं पुढचं आयुष्य आपल्या मुलखात गेलं. १६६० मध्ये शाइस्ताखानाने चाकणला वेढा घातला त्यात तो होता. फिरंगोजी नरसाळ्याने जवळपास दोन महिने किल्ला झुंजवला आणि बुरूज उडाल्यावर अखेर बोलणी लावली, ती राव भावसिंहाच्या मार्फत. शाइस्ताखानाने फिरंगोजीला मोठ्या नोकरीची लालूच दाखवली. त्याने ती नाकारली आणि महाराजांकडे परत गेला. त्या बोलण्यांत समोरासमोर बसलेले हे दोघे मला नेहमी दिसतात. हरूनही धनी न बदलणारा एक, आणि धनी बदललेला, पण असाच न बदलणारा बाप असलेला दुसरा. त्या रात्री भावसिंहाला तंबूत झोप लागली असेल का, हे कुठल्याच बखरीत लिहिलेलं नाही.

नंतर १६६३-६४ मध्ये जसवंतसिंहाबरोबर कोंढाण्याचा वेढा. तो फसला, दोघा मेहुण्यांत भांडण झालं, आणि वेढा उठवून मंडळी औरंगाबादेस परत आली. इथेच भावसिंह पुढे वर्षानुवर्षं राहिला, शहराबाहेर आपल्या माणसांची वस्ती केली, इथेच वारला. गादी गेली भावाच्या नातवाला, अनिरुद्धसिंहाला. काव्याची आवड असावी. मतिरामाने 'ललितललाम' हा अलंकारग्रंथ त्याच्यासाठी रचला. हा मतिराम आणि शिवाजी महाराजांचा कवी भूषण यांना परंपरेने सख्खे भाऊ मानतात. म्हणजे 'कोणाचा भाऊ' या प्रश्नाचं उत्तर भावसिंहाच्या कवीपाशी सापडलं!

आता शहरातले बाकीचे पुरे पाहा. धर्मातहून निघून गेलेला, मग औरंगजेबाला मिळालेला, मग खजव्याला त्याचीच छावणी लुटून पुन्हा माफी मिळवणारा जसवंतसिंह: जसवंतपुरा. दाराच्या मुलाबरोबर असताना सामूगढची बातमी कळताच बाजू बदलणारा मिर्झाराजा: जयसिंगपुरा. कोणाच्याच बाजूने न लढता दख्खन सोडून बिकानेरला जाऊन बसलेला, पुढे औरंगाबादेतच १६६९ मध्ये वारलेला करणसिंह: कर्णपुरा, जिथे नवरात्रात सारं शहर यात्रेला लोटतं. त्याचा औरंगजेबाकडे राहिलेला मुलगा: पदमपुरा. ज्यांनी वेळ ओळखली, त्या साऱ्यांचे पत्ते आपल्या टपालखात्याला माहीत आहेत. १६५७ मध्ये हुकूम पाळून निघून गेलेल्या माणसाच्या वस्तीला इथे उरायला वेळच नव्हता.

ही सगळी चरित्रं वाचायला मिळतात ती याच शहरात लिहिलेल्या एका ग्रंथामुळे. 'मआसिर-उल-उमरा' हा मुघल सरदारांचा चरित्रकोश. लेखक शहानवाजखानच, पण हा वेगळा, अठराव्या शतकातला, निजामाच्या दरबारातला. १७४१ मध्ये निजामाचा मुलगा नासिरजंग बापाविरुद्ध उठला तेव्हा हा मुलाच्या बाजूने गेला. औरंगाबादजवळच लढाई झाली, बाप जिंकला. मुलाला बापाने माफ केलं. शहानवाजखानाला मात्र पाच वर्षं घरी बसावं लागलं. चुकीच्या बाजूला उभा राहिलेला हा माणूस त्या पाच वर्षांत, दीडशे-दोनशे वर्षांत कोण कोणत्या बाजूला उभा राहिला त्याची चरित्रं लिहीत बसला. त्यात राव रतन आहे, छत्रसाल आहे, भावसिंह आहे. पुढे त्याला पुन्हा मोठी पदं मिळाली आणि मे १७५८ मध्ये औरंगाबादेतल्याच दंगलीत तो मारला गेला. घर लुटलं, हस्तलिखित गायब. त्याचे मित्र गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी वर्षभर शोधून सुटी पानं गोळा केली. पुढे मुलाने ग्रंथ पुरा केला.

आझादांची कबर खुलताबादला आहे. भाचीला घेऊन मी मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. दर्ग्याच्या आवारात पहिला निजाम आणि नासिरजंग, दोघांच्याही कबरी आहेत, जवळजवळच. तिने वही काढली, थोडा वेळ दोन्हींकडे पाहत राहिली, आणि तिथल्या म्हाताऱ्याला जाऊन विचारलं, "बाबा, यातली वडलांची कोणती?"